प्रत आणि पत्र

'आदर्श' हा शब्द आज आपण अनुकरणीय ह्या अर्थाने वापरतो आणि त्याच्या पोटात एक आरसा दडलेला आहे हे विसरतो. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसा, ज्यात पाहावयाचे तो. हस्तलिखितांच्या व्यवहारात ह्याच शब्दाला आणखी एक अर्थ होता. जी पोथी समोर ठेवून दुसरी उतरवून घ्यावयाची, ती मूळ पोथी म्हणजे आदर्श. नक्कल करणारा लेखक पोथीच्या अखेरीस वाचकाची क्षमा मागताना आपल्या बुद्धीच्या भ्रमाबरोबर आदर्शाच्या दोषाकडेही बोट दाखवीत असे. चूक कदाचित माझी असेल, कदाचित ज्यावरून मी उतरून घेतले त्याची असेल, असे त्याचे सांगणे. मूळ आणि प्रतिबिंब ह्यांचा हा गुंता एकाच शब्दात साठवणारी भाषा प्रतींच्या दुनियेत पुष्कळ काळ वावरलेली असली पाहिजे.

गेल्या तीन-चार दशकांत हाच गुंता संगणकाच्या जगात नव्याने उभा राहिला आहे. मुक्तस्रोत प्रकल्पांचा सोर्स कोड, म्हणजे आज्ञावलीची माणसाने लिहिलेली मूळ संहिता, कोणीही वाचावी, बदलावी आणि वाटावी अशा परवान्याने खुली असते. ती एका ठिकाणी राहत नाही. तिच्या प्रती जगभरच्या सर्व्हरांवर ठेवल्या जातात आणि त्या प्रतींना 'मिरर' असे म्हणतात. येथे शब्दाचा अर्थ उलटा झाला. पोथीच्या जगात आरसा हे मूळ होते, संगणकाच्या जगात आरसा ही नक्कल आहे. ह्या आरशांपैकी काही आजचे रूप दाखवतात, काही कालचे, आणि काही तर पाच वर्षांपूर्वी थिजलेले रूप आजचेच म्हणून दाखवीत राहतात.

साहित्याच्या अभ्यासकांनी ह्या आरशांचा इतिहास वाचावा, असे आम्हांस वाटते. तंत्राचा इतिहास म्हणून तो महत्त्वाचा आहेच. पण त्याही आधी तो संहितेच्या संक्रमणाचा इतिहास आहे आणि ते आपले जुने क्षेत्र आहे. प्रत शिळी होणे हा अपघात नसून प्रतीचा स्वभावच आहे. खरा धोका असतो तो प्रतीबरोबर जाणारे पत्र हरवण्यात. ही प्रत कोठून घेतली, केव्हा घेतली, तीत कोणी काय बदलले, आणि मूळ सांभाळणारा अजून बोलावल्यास ओ देतो की नाही, हे सांगणारे पत्र. पुढील प्रसंग ह्याच दृष्टीने पाहावेत.

१

आरशांची गरज प्रथम अंतराने निर्माण केली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने यूजनेटवरील मिनिक्सविषयक चर्चागटात आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे कळविले. सप्टेंबरमध्ये तिची पहिली संहिता फिनलंडच्या विद्यापीठांना जोडणाऱ्या फुनेट ह्या जाळ्याच्या एफटीपी सर्व्हरवर ठेवली गेली. टोरवाल्ड्सच्या मनात 'फ्रीक्स' हे नाव होते. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्के ह्यांनी मात्र तिच्यासाठी जी जागा दिली तिला 'लिनक्स' असे नाव दिले आणि तेच जगभर रूढ झाले. ग्रंथकर्त्याने योजलेले नाव मागे पडून प्रत ठेवून घेणाऱ्याने दिलेले नाव टिकावे, ही गोष्ट ग्रंथेतिहासाच्या अभ्यासकाला नवी वाटू नये.

त्या काळी अटलांटिकपलीकडून फाइल आणणे हे तासांचे काम होते. म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एका यंत्रावर लिनक्सची प्रत ठेवली गेली, पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या सनसाइट ह्या भांडारात ठेवली गेली, आणि मग अशा प्रतींची संख्या वाढत गेली. कोणत्या सर्व्हरवर काय आहे हे शोधण्यासाठी १९९० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात आर्ची नावाची सूची तयार झालेली होती. तिला एखाद्या फाइलचे नाव विचारले की ती अनेक सर्व्हरांची नावे सांगे आणि प्रत्येकासमोर फाइलची तारीख व आकार देई. त्यांपैकी ताजी प्रत कोणती आणि मागे पडलेली कोणती, हा निर्णय मात्र वाचकाने तारखा ताडून स्वतःच करावयाचा असे. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते तपासून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यामागची पद्धत आणि त्या वाचकाचे हे छोटे काम ह्यांत प्रमाणाचा फरक प्रचंड आहे. जातीचा फरक मात्र नाही.

ह्या प्रतींवर लोकांचा विश्वास किती होता हे टोरवाल्ड्सच्याच एका विनोदावरून कळते. १९९६ मध्ये त्याने म्हटले होते की सामग्रीचा टेपवर साठा करून ठेवण्याची चिंता दुबळ्यांनी करावी. खऱ्या मर्दाने आपले मोलाचे काम एफटीपीवर ठेवून द्यावे आणि जगाला त्याच्या प्रती करीत बसू द्यावे. विनोद म्हणून तो चांगला होता. तो शब्दशः खरा मानल्यास काय होते हे पुढे सतरा वर्षांनी दिसले.

२

प्रती मागेपुढे असणार हे एकदा गृहीत धरले की पुढला प्रश्न असा, की मागे पडलेल्या प्रतीशी बोलावयाचे कसे? ह्याचे एक सुंदर उत्तर १९८५ मध्ये लॅरी वॉल ह्यांनी दिले. वॉल हे भाषाशास्त्राचे अभ्यासक; पुढे पर्ल ही संगणकभाषा घडवणारे म्हणून ते प्रसिद्ध झाले. त्यांनी लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीचे नाव 'पॅच', म्हणजे ठिगळ.

तोवर कोणी संहितेत दुरुस्ती केली तर संपूर्ण संहिताच पुन्हा पाठवावी लागे, किंवा अमुक क्रमांकाच्या ओळीत अमुक बदल करा असे कळवावे लागे. पण वाचकाजवळची प्रत जराशी वेगळी असेल, तीत वर कोठे चार ओळी वाढलेल्या असतील, तर क्रमांक चुकत आणि दुरुस्ती भलत्याच ठिकाणी बसे. पॅचने क्रमांकाबरोबर संदर्भावरही भर दिला. दुरुस्तीसोबत तिच्या मागच्या-पुढच्या काही ओळी पाठवल्या जात. ग्रहण करणारे यंत्र त्या ओळी आपल्या प्रतीत शोधी. त्या थोड्या खाली-वर सरकलेल्या असल्या तरी ओळखी, आणि तेथे ठिगळ लावी. संदर्भ मुळीच जुळला नाही तर मात्र ते गप्प राहून काही बसवून टाकीत नसे. जो तुकडा बसला नाही तो वेगळा काढून 'हा नाकारला' असे सांगे.

आम्हांस ह्या रचनेचे मोल फार वाटते. तिने सर्व प्रती समान असाव्यात असा हट्ट धरला नाही. प्रतींमध्ये अंतर असणार हे मान्य करून तिने त्या अंतरातून जाईल असे पत्र लिहिण्याची रीत घालून दिली, आणि पत्र पोहोचले नाही तर तसे सांगण्याचीही. दूरदूरच्या अनोळखी माणसांनी एकमेकांच्या संहिता ई-मेलने दुरुस्त कराव्यात ही मुक्तस्रोताची पुढची सारी संस्कृती ह्या ठिगळाच्या रीतीवर पुष्कळ अंशी उभी आहे.

तिचे एक ठळक उदाहरण अपाचे ह्या वेब-सर्व्हरचे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए ह्या केंद्रात रॉब मॅकूल ह्यांनी लिहिलेला वेब-सर्व्हर १९९० च्या दशकाच्या प्रारंभी सर्वत्र वापरात होता. १९९४ च्या मध्यास मॅकूल केंद्र सोडून गेले आणि मूळ संहिता थांबली. वापरणाऱ्यांनी मात्र आपापल्या प्रतींत दुरुस्त्या केल्या होत्या, पण त्या परस्परांस ठाऊक नव्हत्या. १९९५ च्या फेब्रुवारीत आठ जणांनी ई-मेलवरून एकत्र येऊन ती ठिगळे एका संहितेत शिवली आणि एप्रिलमध्ये पहिली आवृत्ती बाहेर काढली. मूळ अबोल झाले असता प्रती एकमेकींशी बोलू लागल्या आणि त्यांतून नवे मूळ उभे राहिले. अशा जागी पत्रव्यवहार नसता तर जगात एकाच सर्व्हरच्या पाचपन्नास शिळ्या प्रती उरल्या असत्या, प्रत्येकीत एकेक शहाणपण आणि बाकी सारे जुने दोष.

३

पत्र आणि प्रत ह्यांचा संबंध २००३ च्या एका प्रसंगात सर्वाधिक स्पष्ट दिसतो. २००२ पासून लिनक्सची मूळ संहिता बिटकीपर ह्या व्यवस्थेत ठेवली जाई. ही व्यवस्था लॅरी मॅकव्हॉय ह्यांच्या कंपनीची, खाजगी मालकीची. मुक्तस्रोताच्या संहितेसाठी बंदिस्त साधन वापरावे हे अनेकांना रुचत नव्हते; तेव्हा त्यांच्या सोयीसाठी बिटकीपरमधून सीव्हीएस नावाच्या जुन्या, खुल्या व्यवस्थेत एक प्रत सतत उतरवली जाई. म्हणजे एक आदर्श आणि त्याचा एक आरसा.

५ नोव्हेंबर २००३ रोजी मॅकव्हॉय ह्यांनी कळविले की आरशात दोन ओळी अशा आहेत ज्या मुळात नाहीत. सीव्हीएसमधील प्रत्येक बदलासोबत तो मुळातील कोणत्या बदलावरून आला ह्याचा निर्देश असे. ह्या एका बदलाला तो नव्हता. नाव एका ओळखीच्या कार्यकर्त्याचे होते, पण त्याने तसे काही केलेले नव्हते. कोणीतरी आरसा ठेवलेल्या यंत्रात शिरून तो बदल थेट तेथेच लिहिला होता.

बदल वाचण्यासारखा आहे, विशेषतः व्याकरण शिकवणाऱ्यांना. सी ह्या संगणकभाषेत लागोपाठ दोन समचिन्हे लिहिली तर तो प्रश्न होतो: हे त्याच्याइतके आहे का? एकच समचिन्ह लिहिले तर ती आज्ञा होते: हे त्याच्याइतके कर. त्या दोन ओळी वरवर वाचता विचारीत होत्या की आज्ञावली चालवणारा माणूस यंत्राचा सर्वाधिकारी आहे का. प्रत्यक्षात तेथे समचिन्ह एकच होते, म्हणून त्या विचारीत काही नव्हत्या. विशिष्ट रीतीने हाक मारणाऱ्या कोणालाही त्या सर्वाधिकारी करून टाकीत होत्या. प्रश्नार्थाचे वेष घेतलेले आज्ञार्थ. एका चिन्हाच्या पाठभेदात जगातील असंख्य यंत्रांची किल्ली होती. हे कोणी केले ते कधीच जाहीरपणे निष्पन्न झाले नाही.

ही दुष्ट नक्कल उघडी पडली ती कोणी त्या ओळी वाचून नव्हे. डोळ्यांनी वाचणारा तेथे फसण्याचाच संभव अधिक होता. ती उघडी पडली कारण प्रतीतील प्रत्येक बदलाजवळ तो कोठून आला ह्याची चिठ्ठी असण्याची शिस्त होती आणि ह्या एकाजवळ ती नव्हती. येथे आरसा वाचला तो त्याच्या स्वच्छतेमुळे नव्हे, त्याच्या दप्तरामुळे.

४

चिठ्ठी लिहिली पण ती योग्य दारी पोहोचली नाही, तर काय होते? ह्याचे उदाहरण डेबियनचे. डेबियन हा लिनक्सवर आधारलेला एक मोठा संच आहे. हजारो प्रकल्पांच्या संहिता घेऊन, त्यांवर आवश्यक तेथे ठिगळे लावून तो वाचकांपर्यंत पोहोचवतो. अशा संचातली प्रत ही निव्वळ आरसा नसते, ती एक संपादित आवृत्ती असते.

त्यातील ओपनएसएसएल ही संहिता गुप्तलेखनाच्या किल्ल्या तयार करते. किल्ली अंदाजाने ओळखता येऊ नये म्हणून ती यादृच्छिक सामग्रीपासून घडवावी लागते. २००६ मध्ये, दोष शोधणारी काही साधने ह्या संहितेतील दोन ओळींविषयी तक्रार करीत होती. डेबियनच्या बाजूने ती संहिता सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याने ओपनएसएसएलच्या विकासविषयक चर्चागटात विचारले की ह्या ओळी काढल्या तर चालतील का. दोष शोधण्यास मदत होत असेल तर काढण्यास हरकत नाही, अशा आशयाचे उत्तर आले. ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. त्यांपैकी एक निरुपद्रवी होती. दुसरी मात्र यादृच्छिक सामग्री मिसळणारी मुख्य ओळ होती. ती गेल्यावर किल्ली ठरवणारी गोष्ट एवढीच उरली की चालू प्रक्रियेला यंत्राने कोणता क्रमांक दिला आहे. आणि असे क्रमांक जेमतेम ३२,७६८ असत.

मे २००८ मध्ये लुचियानो बेल्लो ह्यांच्या ध्यानात हा दोष आला आणि १३ मे रोजी डेबियनने तो जाहीर केला. मधल्या दीडदोन वर्षांत डेबियनवर आणि त्यापासून निघालेल्या उबुंटूवर तयार झालेल्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. आणि त्या किल्ल्या तोवर इतर यंत्रांवरही जाऊन बसल्या होत्या.

त्यानंतरचा वाद उद्बोधक आहे. मूळ प्रकल्पाच्या बाजूने म्हटले गेले की दुरुस्ती आमच्याकडे रीतसर पाठवायला हवी होती. दुसऱ्या बाजूने म्हटले गेले की विचारले तर होते, आणि विकासासाठी म्हणून जो चर्चागट जाहीर होता तेथेच विचारले होते. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. विचारणाऱ्याने एक प्रश्न विचारला, उत्तर देणाऱ्याने जरासा वेगळा प्रश्न ऐकला. एकाला प्रकाशित होणाऱ्या आवृत्तीविषयी सल्ला हवा होता, दुसऱ्याने तपासणीपुरता सल्ला दिला. आणि मग प्रत्यक्ष ठिगळ मुळाकडे परत गेलेच नाही, त्यामुळे ते वाचण्याची संधी मूळ लेखकांना मिळाली नाही. मुळाकडून प्रतीकडे जाणारा रस्ता उघडा होता. प्रतीकडून मुळाकडे येणाऱ्या रस्त्यावर पाटी भलतीकडे वळलेली होती. पाठसंशोधनात ज्याला आपण संपादकाची अनावश्यक दुरुस्ती म्हणतो, कठीण वाटणारा पाठ चुकीचा समजून सोपा करून टाकणे, तिचे इतके महाग उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

५

आता शिळेपणाकडे येऊ. २००८ मध्येच ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एका काल्पनिक कंपनीच्या व काल्पनिक व्यवस्थापकाच्या नावाने भाड्याचा सर्व्हर घेऊन डेबियन, उबुंटू, फेडोरा, सेंटओएस आणि ओपनसुसे ह्या पाच संचांचे अधिकृत आरसे होण्यासाठी अर्ज केला. पाचही ठिकाणी तो स्वीकारला गेला. हजारो संगणक त्यांच्याकडून संहिता नेऊ लागले.

अशा आरशाने संहितेत ढवळाढवळ केली असती तर बहुधा ती पकडली गेली असती, कारण संचांवर अंकीय स्वाक्षऱ्या असतात. संशोधकांनी दाखवून दिलेली गोष्ट अधिक सूक्ष्म होती. आरशाने काहीही बदलू नये. त्याने फक्त कालचे रूप दाखवीत राहावे. कालच्या संहितेवरची स्वाक्षरी आजही खरीच असते. पण कालच्या संहितेत जो दोष होता आणि आज जो दुरुस्त झाला आहे, तो त्या आरशाकडून घेणाऱ्याच्या यंत्रात तसाच राहतो. आणि नवे काही आले नाही असे समजून तो माणूस निश्चिंत असतो. प्रत्येक अक्षर अस्सल, आणि तरीही एकंदर सांगणे खोटे.

ह्यावरचा उपाय संहितेत नव्हता, पत्रात होता. डेबियनच्या सूचिपत्रात ते कोणत्या दिवशी तयार झाले ह्याची तारीख असते, तसेच ते कोणत्या दिवसापर्यंत ग्राह्य मानावे ह्याची मुदतही घालता येते. मुदत उलटलेले पत्र स्वाक्षरी खरी असूनही नाकारावे असे यंत्राला सांगता येते. शिवाय प्रत्येक आरशावर एक छोटी नोंद ठेवण्याची रीत आहे, जीवरून शेवटचे जुळवून केव्हा घेतले ते कळते. शिळ्या प्रतीला मनाई नाही. तिने आपले वय सांगावे, एवढीच अट.

६

ह्या साऱ्यावरून वाचकाला वाटेल की उत्तम आरसा तोच जो क्षणाचाही विलंब न लावता मुळाशी जुळतो. २२ मार्च २०१३ चा प्रसंग ह्या समजुतीला धक्का देतो. केडीई हा लिनक्सवरील पडद्याची मांडणी आणि असंख्य आज्ञावल्या तयार करणारा जुना प्रकल्प. त्याच्या सुमारे दीड हजार संहितासंग्रहांचे मूळ एका सर्व्हरवर होते आणि जगभर पसरलेले आरसे थोड्या थोड्या मिनिटांनी त्याच्याशी जुळवून घेत. त्या दिवशी सर्व्हर देखभालीसाठी बंद करून पुन्हा चालू केला असता त्याची साठवणव्यवस्था बिघडलेली आढळली. आरशांनी आपले काम चोख केले होते. बिघडलेले मूळ त्यांनी जसेच्या तसे उतरवून घेतले. संग्रहांची यादीच विस्कटल्याने जे संग्रह यादीत दिसेनात ते आता नको आहेत असे समजून त्यांनी आपल्याजवळच्या चांगल्या प्रती पुसूनही टाकल्या.

केडीई वाचले ते योगायोगाने. त्या सुमारास नव्याने उभारल्या जात असलेल्या एका सर्व्हरवर बिघाडाच्या आधीची सुस्थितीतील प्रत राहून गेली होती. तीवरून सारे पुन्हा उभे करता आले. प्रकल्पाच्या जेफ मिचेल ह्यांनी ह्या घटनेविषयी लिहिले तेव्हा त्या लेखाचे शीर्षकच 'फाजील अचूक आरसा' अशा अर्थाचे ठेवले.

येथे आम्हांस पुण्याच्या महाभारताची पुन्हा आठवण होते. वि. स. सुखठणकरांनी पाठनिर्णयात काश्मीरच्या शारदा लिपीतील परंपरेला मोठे वजन दिले. दक्षिणेत आणि मध्यदेशात पोथ्यांची देवाणघेवाण जितकी अधिक, तितकी एकीतील भर दुसरीत जाण्याची शक्यता अधिक. त्या मानाने एका कोपऱ्यात राहिलेली काश्मीरची परंपरा आखूड राहिली, आणि म्हणून संपादकाला ती अधिक विश्वसनीय ठरली. जी शाखा प्रवाहाशी सतत जुळवून घेत नाही ती प्रवाहातील गढूळपणाही घेत नाही. मागे राहिलेली प्रत ही साक्षीदार असते. सर्वच प्रती एका क्षणी एकसारख्या झाल्या तर साक्षीदार उरत नाही, उरतो तो एकच जबाब अनेक तोंडांनी.

म्हणून टोरवाल्ड्सच्या जुन्या विनोदाला पुरवणी जोडावी लागते. जगाला प्रती करू द्याव्यात हे ठीक; पण त्यांतील काहींनी जाणूनबुजून मागे राहावे, आणि आपण किती मागे आहोत हे लिहून ठेवावे.

७

२००५ च्या एप्रिलमध्ये बिटकीपरची सोय बंद झाली तेव्हा टोरवाल्ड्सने गिट ही नवी व्यवस्था लिहिली. तीत प्रत घेणारा प्रत्येक जण संपूर्ण इतिहासासह प्रत घेतो, आणि प्रत्येक बदलाचे नाव त्याच्या आशयावरून व त्याच्या पूर्वजाच्या नावावरून गणिताने ठरते. म्हणजे पत्र प्रतीच्या अंगातच विणले गेले. जुना बदल गुपचूप फिरवला तर पुढची सारी नावे बदलतात आणि इतरांच्या प्रतींशी विसंगती तत्काळ दिसते. २०११ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सच्या मुख्य सर्व्हरात कोणी घुसल्याचे आढळले आणि तो काही आठवडे बंद राहिला, तेव्हा संहितेविषयी फारशी भीती वाटली नाही ती ह्यामुळेच. टोरवाल्ड्सने काही काळ आपली संहिता गिटहबवर ठेवून काम चालू ठेवले.

तरीही प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड ह्यांनी एक्सझेड ह्या लहानशा, पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत घातलेले चोरदार जाहीर केले. दुसऱ्या यंत्रात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे एवढ्या बारीक शंकेवरून ते तेथवर पोहोचले होते. ते चोरदार उघडणारा निर्णायक तुकडा सार्वजनिक संग्रहात नव्हताच; केवळ वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. मूळ एक आणि वाटलेली प्रत दुसरी. आणि ह्या वेळी प्रतीची चिठ्ठी लिहिणाराच दगाबाज होता. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने उपयुक्त ठिगळे पाठवून विश्वास संपादला होता. त्याच सुमारास अनोळखी नावांनी प्रकल्पाच्या एकट्या, थकलेल्या पालकावर कामाला उशीर होतो म्हणून जाहीर दबाव येत होता आणि दुसऱ्या कोणास अधिकार द्यावेत असे सुचवले जात होते.

गणिताने प्रतीची ओळख पटते. पत्र लिहिणाऱ्याची नियत पटत नाही. ती पटवण्यास शेवटी माणसांतले बोलणे लागते, आणि बोलण्यासाठी मूळ सांभाळणाऱ्यापाशी वेळ व सोबत लागते. शिळ्या आरशांच्या मागे पुष्कळदा हेच सापडते: तंत्राची उणीव नसून, कोणाला तरी आता सवड नाही आणि तसे कोणी सांगितलेले नाही.

आपल्या भाषेत ह्या शहाणपणाचा एक जुना नमुना आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रचलित पाठांत शिरलेली अशुद्धे दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांनी नुसती प्रत ठेवली नाही. ग्रंथाच्या अखेरीस काम केव्हा झाले, ते का करावे लागले आणि पुढच्यांनी त्यात आपली भर घालू नये, हेही लिहून ठेवले. तारीख, कारण आणि विनंती. आज आपल्या वर्गांतून आणि संकेतस्थळांवरून कविता, अभंग, लेख एकापासून दुसऱ्याकडे उतरवले जातात ते बहुधा ह्या तिन्हींवाचून. कोणत्या आवृत्तीवरून घेतले, केव्हा घेतले, कोणी जुळवून पाहिले, ह्याची एक ओळही सोबत नसते. आणि विद्यार्थी त्या पाठावर निबंध लिहितो. प्रोग्रामर मंडळींनी प्रत्येक बदलाला चिठ्ठी जोडण्याची शिस्त ठेचा खाऊन शिकली. आपल्याला ती परंपरेनेच मिळालेली होती. पाठ उतरवताना तळाशी दोन ओळी लिहिण्यास फार वेळ लागत नाही. पुढच्या वाचकाला त्यांतून एवढे तरी कळेल की हा आरसा कोणत्या दिवसाचा आहे आणि शंका आल्यास हाक कोणाला मारावयाची.